श्रीमंत माणूस उठत नाही

मी कोडोली सोडली तेव्हा आप्पा म्हशीखाली बसले होते. संध्याकाळच्या धारांची वेळ. दारात दादाची मोटरसायकल चालू, माझी बॅग टाकीवर आडवी ठेवलेली, हायवेवर जाऊन मुंबईची ट्रॅव्हल्स गाठायची होती. आई उंबऱ्यात उभी राहून एकाच वेळी रडत होती आणि ओरडत होती. पाण्याची बाटली घेतलीस का, स्वेटर घेतलास का. मुंबईत स्वेटर! मी गोठ्यात गेले, पाया पडायला वाकले. आप्पांचं डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं, दोन्ही हात गुंतलेले, बादलीत धार वाजत होती. "येतो आप्पा," मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही 'येतो'च म्हणतात, पुढं मुंबईनं ती सवय मोडली. आप्पांनी मान वळवली नाही. "पान्हा सोडलाय तिनं. आता उठाय येत न्हाई. जा," एवढंच म्हणाले.

पान्हवलेल्या म्हशीखालून मधेच उठलं की ती दूध चोरते, हे मला काय माहीत नव्हतं? शेतकऱ्याच्याच घरातली मी. पण त्या संध्याकाळी अक्कल गहाण पडली होती. लेक घर सोडून निघाली आणि बाप जागचा उठला नाही, एवढंच डोक्यात बसलं. कराडपर्यंत रडले, साताऱ्यापर्यंत रागावले, नंतर झोप लागली.

कोडोलीतच राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि भावजयांनो, तुम्ही फोनवर हमखास विचारता, "तू तिथं नक्की करतीस तरी काय गं?" आणि माझ्यासारख्याच बॅगा उचलून पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेलेल्या तुम्ही बाकीच्या विचारता, "घरी गेलं की तुलाही परक्यासारखं वाटतं का?" तुम्हा सगळ्यांना एकदमच सांगून टाकते, कारण माझ्या बाबतीत त्या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

मी श्रीमंतांची घरं बांधते. राहायची नव्हे, दिसायची. जाहिरातीत तुम्ही जो उंच छताचा दिवाणखाना बघता, ज्याच्या खिडकीतून मऊ ऊन येतं आणि एक बाई अनवाणी पायांनी चालत जाते, तो प्लायवूडचा असतो, त्याला छत नसतं, ऊन दिव्याचं असतं, आणि त्या बाईच्या टाचेखाली फरशी म्हणून छापील कागद चिकटवलेला असतो. ते सगळं उभं करणाऱ्यांत मी आहे. कुणी म्हणेल, लबाडीचा धंदा. म्हणू दे. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

ह्याची सुरुवात भूगोलाच्या वहीपासून झाली. शाळेच्या वह्यांना आई रद्दीतल्या इंग्रजी मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं घालायची. त्यामुळं प्रत्येक विषयावर एकेक श्रीमंत माणूस असायचा. गणितावर घड्याळवाला, विज्ञानावर गाडीवाला. भूगोलावर एक बाई होती. पांढरी साडी, लांबलचक टेबल, पुढ्यात एक कप आणि एक संत्रं. एकच संत्रं! आमच्या घरी संत्री आली की पिशवीभर यायची आणि तासाभरात नुसत्या साली उरायच्या. ही बाई त्या एकट्या संत्र्याकडं बघतसुद्धा नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. जाहिरात कशाची होती देव जाणे. पण ही बाई श्रीमंत आहे हे मला कुणी न सांगता कळलं होतं, आणि कसं कळलं ह्याचं मला फार नवल वाटायचं. तिच्या अंगावर सोनं नव्हतं, घरात टीव्ही दिसत नव्हता, दारात गाडी नव्हती. आई पाठीत धपाटा घालायची, "काय बघालीस त्या कवराकडं? जरा आत बघ की."

कारण आमच्याकडची श्रीमंती अशी गुपचूप बसणारी नव्हतीच. चौकातले डिजिटल बोर्ड तुम्हाला ठाऊकच आहेत. कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवडून येवो, कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली येवो, लागलं डिजिटल! मधे माणूस, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात बोटाएवढी साखळी, मागं वाघ नाहीतर पांढरी गाडी, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगाच्या रांगा. खाली जितकी तोंडं जास्त तितका वरचा माणूस मोठा. मला ते बोर्ड तेव्हाही आवडायचे, आताही आवडतात. त्यात एक खुल्लमखुल्ला आनंद असतो. पण वहीवरच्या बाईच्या खाली एकही तोंड नव्हतं आणि तरी ती मोठी होती. हे कोडं सुटेना, म्हणून कोल्हापुरात आर्टचा डिप्लोमा केला आणि म्हणूनच मुंबई गाठली.

मुंबईत मला कामाला लावलं सलीमचाचांनी. मूळचे गारगोटीचे, सुतारकामातलं घराणं, तरुणपणी मुंबईला आले आणि जाहिरातींचे सेट उभारता उभारता मोठे ठेकेदार झाले. आमच्या दादाच्या ओळखीच्या माणसानं त्यांचा नंबर दिला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला श्रीमंत घराचं नाश्त्याचं टेबल लावायला सांगितलं. मी जीव ओतला. केळी, सफरचंदं, पेर, द्राक्षांचे घोस, मधोमध अननस, गौरीपुढं मांडतात तसं मांडलं. चाचा आले, बघितलं, पोट धरून हसले. "ह्यो तर बाजार मांडलास पोरी. बाजारात काय श्रीमंत राहतात व्हय?" मग ते एकेक फळ उचलून बाजूला ठेवत गेले. दोन पेर उरले तेव्हा थांबले आणि मला कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. मी बघितलं आणि अंगावर काटा आला. माझी भूगोलाच्या वहीवरची बाई उठून ह्या टेबलाशी येऊन बसेल असं वाटलं.

पुढची कित्येक वर्षं मी हेच शिकत राहिले, आणि खरं सांगते, एक दिवसही कंटाळा आला नाही. श्रीमंताची खुर्ची भिंतीला टेकत नाही. आपल्याकडं सगळं भिंतीला लागून, मधे माणसांना बसायला जागा. तिकडं सोफा खोलीच्या मधोमध, बेटासारखा. श्रीमंताच्या दारात चपला दिसत नाहीत. भिंतीवर कॅलेंडर नाही, टीव्हीवर कव्हर नाही, शोकेसमधे स्टिकर न काढलेले कप नाहीत. जाहिरातीतला श्रीमंत माणूस हातात पिशवी धरत नाही, घाई करत नाही, ताट कधी चाटूनपुसून संपवत नाही. पडदा जमिनीवर थोडा लोळला पाहिजे, कापडाची चिंता नाही हे कळलं पाहिजे. आणि नव्या श्रीमंतीला चमक द्यायची असते, पण जुन्या श्रीमंतीला झीज द्यावी लागते. खानदानी घर उभं करायचं असलं की मी नव्या कोऱ्या खुर्चीचे हात पॉलिश पेपरनं घासते, मग बूटपॉलिश आणि मेण चोळते, तीन पिढ्यांचे तळवे तिथं फिरल्यासारखं वाटेपर्यंत. पुस्तकांच्या कडांना चहाचं पाणी लावते. एक वाक्य न बोलता, एक आकडा न दाखवता, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात बघणाऱ्याला कळतं की हे कुठल्या घरचे. काय कला आहे बघा! मी तर म्हणते नादखुळा.

आता दुसरी गोष्ट, घरची.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा दिवाळीला गेले. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. बाहेरच्या सोप्यात आप्पा खाटेवर आडवे होते. मी उंबरा ओलांडला आणि ते उठले. खाट झटकली. खांद्यावरच्या टॉवेलनं प्लॅस्टिकची खुर्ची पुसली आणि माझ्यापुढं सरकवली. "या, या पावणं! कवा निघालतासा? बसा." सगळे हसले, मीही हसले. आमच्याकडं रस्ता विचारणाऱ्यालाही पावणं म्हणतात आणि आला माणूस उठून बसवतात, त्यामुळं चेष्टा फक्कड जमली होती. पण पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. चेष्टेतलं हसू हळूहळू गेलं आणि उठणं तेवढं राहिलं. जन्मापासून मी त्यांची 'वैशे' होते, "वैशे, पेंड टाक", "वैशे, कुठं उलथलीस". ते कुठं गेलं कळलंच नाही. दादा शेतातनं आला की आप्पा पेपरातनं डोकंही वर काढत नसत. वहिनी बाजारातनं आली तरी तेच. मी आले की उठायचे, पार उभे राहायचे.

निघताना उठले नाहीत म्हणून रडले होते, आता येताना उठतात म्हणून रडू यायचं. माणसाला कशाचं वाईट वाटेल सांगता येत नाही. आईजवळ कुरकुर केली तर ती म्हणाली, "मान देत्यात तर घे की गप." मला मान नको होता. मला एवढंच हवं होतं की मी घरात शिरावं आणि माझ्या बापानं जागचं हलू नये. पण हे तोंडानं कसं मागायचं? आणि वर आप्पांनी माझ्या कामाला एकच नाव ठेवलं होतं, 'खोट्या घरांचं काम'. ते बघायला या म्हटलं की म्हणायचे, "खोट्या घरात पाय ठेवून काय करू?"

गेल्या वर्षी आमच्याकडं एका सोन्याच्या पेढीची जाहिरात आली. कोल्हापुरी साज विकायचा होता. दिग्दर्शक होत्या विद्यामॅडम, मूळच्या पुण्याच्या, शांत आवाजाच्या, एकदा ठरवलं की ढिम्म न हलणाऱ्या. गोष्ट अगदी साधी. खानदानी घराचा दिवाणखाना, खुर्चीत म्हातारे आबासाहेब. दारातून मुलगा आणि नवी सून येतात, सुनेच्या गळ्यात साज. आबासाहेब बघतात. संपलं. बोलणं नाही. म्हणजे सगळा भार त्या म्हाताऱ्यावर, आणि तोच मिळेना. नटांचे फोटो बघून मॅडम वैतागल्या होत्या. "हे सगळे श्रीमंतीचा अभिनय करतात गं वैशाली," म्हणाल्या. तेवढ्यात टेबलावर माझा फोन वाजला. आप्पांचाच होता. फोनवर त्यांचा फेट्यातला फोटो झळकला, आतेभावाच्या लग्नातला. मी हातात घेतला तसा मॅडमनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. "हे कोण?"

आप्पांना सांगितलं तर ते भडकलेच. "सोंग काढायला मी काय बहुरूपी हाय व्हय? आन् म्हसरं कोण बघंल?" मागून आईचा आवाज आला, "म्हसरं दादा बघंल. अवं, लेकीनं बांधल्यालं घर तर बघून या एकदा. खोटं का असंना!" आमच्या आईपुढं आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. चार दिवसांनी आप्पा स्टुडिओच्या दारात उभे होते, खांद्यावर पिशवी, पिशवीत गुळाची ढेप.

मी त्यांना सेटवर नेलं. सगळं युनिट बूट घालून फिरत होतं; आप्पांनी प्लायवूडच्या उंबऱ्याबाहेर पायताण काढलं आणि मगच आत आले. चहूकडं बघितलं. भिंतीवर बोट वाजवलं, पोकळ आवाज आला. "ही पावसाळा काढंल का गं?" मी म्हटलं, परवा मोडायचीच आहे. "एवढी चांगली?" त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाले, "घरची माणसं कुठं हायत? गूळ कुणाकडं द्यायचा?" कुणाच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नसतं, म्हणून ते घरधन्यासाठी गूळ घेऊन आले होते. घरधनी कुठून आणू? शेवटी सलीमचाचा पुढं झाले, दोन्ही हातांनी ढेप घेतली, "आणा पावणं, मीच समजा घरधनी," म्हणाले, आणि दोघं गारगोटीच्या बाजारावर जे बोलायला लागले ते मेकअपवाल्यानं ओढून नेईपर्यंत.

आप्पा तयार होऊन आले तेव्हा मला हुंदकाच आला. पांढरा कोट, धोतर, अबोली रंगाचा फेटा, आणि त्या मिशा. रोज शेणामुतात वावरणारा माझा बाप असा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचे तळवे बरोबर त्या जागी गेले जिथं मी दोन दिवस घासून घासून झीज पाडली होती. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "बघ. आपलं काम झालं." म्हटलं, झालंच की. आणि दिवे लागले.

दारातून नट आणि नटी आत आले. आप्पा ताडकन उठले. "या, या पावणं! बसा!"

सगळा स्टुडिओ हसला. आप्पाही हसले, चुकलं म्हणाले. मॅडमनी समजावलं, काका, बसून राहायचं, फक्त बघायचं. पुन्हा दिवे. ह्या वेळी ते उठले नाहीत, पण दोन्ही हात खुर्चीवर रोवून अर्धे वर आले आणि तसेच अधांतरी थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःला दाबून धरलं, तर मान अशी ताठ झाली, जणू न्हाव्यापुढं दाढीला बसलेत. मॅडम जवळ येऊन बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काका, हा माणूस फार श्रीमंत आहे. श्रीमंत माणूस उठत नाही. लोक त्याच्याकडे येतात."

आप्पांनी जरा विचार केला. "गुडघं गेलं असत्याल बिचाऱ्याचं," म्हणाले.

मॅडमसुद्धा खळखळून हसल्या. पण आणखी दोन-तीनदा करूनही तेच झालं, तेव्हा हसणं थांबलं. कुणीतरी दुसऱ्या नटाला फोन लावायचं बोलायला लागलं. कॅमेरामन म्हणाला, नुसता फेटा पाठमोरा घेऊ, चेहरा नकोच. जाहिरातीचं मला काही नव्हतं, ती कशीही झाली असती. पण आप्पा एकदाच आले होते माझ्या घरात, खोट्या का होईना. इथून ते 'आपल्याला जमलं न्हाई' म्हणत गेले असते तर पुन्हा कधी आले नसते, आणि पुढच्या खेपेला मला बघून आणखीच घाईनं उठले असते. ते खुर्चीत बसून कोटाची बटणं चाचपत होते. मला बघून हळूच म्हणाले, "घरात माणूस आल्यावर बूड हलतंयच गं आपूआप. काय करू?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठलं बूड हलतंय? दादा आल्यावर हलत नाही! वहिनी आल्यावर हलत नाही! मी खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसले आणि मुंबईत आल्यापासून तोंडात न आलेल्या माझ्या भाषेत म्हटलं, "आप्पा, ही दोघं पावणं न्हाईत. ह्याच घरातली हायत. तुमचा ल्योक आन् सून. सकाळी देवाला गेलती, आता आली."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मी खुळी झालेय. "मग हे आधी सांगायचं न्हवं का? घरातल्यांस्नी बघून कोण उठतंय?"

दिवे लागले. ती दोघं दारातून आली. आप्पा खुर्चीत मागं रेलून बसले होते, मान सैल, एक तळवा त्या झिजलेल्या हातावर. त्यांनी नुसते डोळे उचलले. आधी पोराकडं, मग सुनेकडं, मग तिच्या गळ्यातल्या साजाकडं बघितलं, आणि पुन्हा तिच्या तोंडाकडं, ऊन लागलं का गं, दमलीस का, असं काहीतरी न बोलता विचारल्यासारखं. मग नजर खाली वळवली, कारण आता सगळी घरात होती आणि काळजीचं कारण नव्हतं. मॅडम कितीतरी वेळ 'कट' म्हणाल्याच नाहीत. शेवटी 'कट' म्हणून त्या उठून आल्या. "ह्याला म्हणतात श्रीमंती," म्हणाल्या. टाळ्या पडल्या. चाचांनी गुळाची ढेप फोडून सगळ्यांना खडा खडा वाटला.

मी मात्र कॅमेऱ्यामागंच उकिडवी बसून राहिले. इतकी वर्षं मी खुर्च्या घासल्या, फळं उचलली, पडदे लोळवले, आणि वहीवरच्या त्या बाईचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. तिला कुणासाठी उठायचं नव्हतं. ती आपल्या घरात होती, तिची माणसं आली-गेली तरी तिनं खिडकीबाहेर खुशाल बघत बसावं. आपण ते बघतो आणि म्हणतो, केवढी श्रीमंत! मला माझ्या धंद्याबद्दल त्या दिवशी जितकं प्रेम वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी आप्पा माझ्याबरोबर जेवायला बसले. भात कालवता कालवता म्हणाले, "त्या पोरीला वाईट तर वाटलं नसंल? ती आली आन् मी बसूनच."

"न्हाई आप्पा. तिला बरं वाटलं असंल. आपल्याच घरात आल्यागत." आणि मग इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलंच. "मलाबी तसंच बरं वाटंल. मी आल्यावर तुम्ही कशाला उठता?"

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता रागावतात. पण ते खाली बघून म्हणाले, "तू त्या पहिल्या दिवाळीला आलीस तवा वळखूच आली न्हाईस बघ. फिक्कं कापड, कानात न्हाई, गळ्यात न्हाई, डोळ्याला काळा चष्मा, चाकाची बॅग. जाहिरातीतली बाईच आली वाटलं दारात. म्हटलं, हिला आता आपली खाट टोचंल. खुर्ची तरी द्यावी."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतरांची घरं श्रीमंत दाखवता दाखवता ते सगळं माझ्याही अंगाला लागलं होतं, आणि ते नेमकं माझ्या बापानं वाचलं होतं. जाहिरात किती पक्की पोचते बघा! मी म्हटलं, "खाट न्हाई टोचत आप्पा. खुर्ची टोचती." त्यांनी दही मागितलं, जेवण संपवलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं म्हसरांकडं परत गेले.

जाहिरात लागली. तुम्ही सगळ्यांनी बघितलीत, मला फोन केलेत, 'आप्पा राजेच दिसत्यात' म्हणालात. त्यानंतर मी घरी आले ती गणपतीला. स्टँडवर उतरले आणि समोर बघून जागीच थांबले. पोरांनी डिजिटल लावलं होतं! माझ्या जाहिरातीतले आप्पा कापून घेतले होते, माझा तो मोकळा, शांत दिवाणखाना गायब करून मागं वाघ, बाजूला पांढरी गाडी, आप्पांच्या गळ्यात वरून चिकटवलेली साखळी, आणि खाली सगळ्या गल्लीची तोंडं. दादा होता, शेजारचे होते, आमच्या म्हशीचं तोंडसुद्धा शुभेच्छुकांत होतं. सलीमचाचांनी बघितलं असतं तर एकेक उचलून बाजूला ठेवलं असतं. मी मात्र तिथंच उभी राहून पोटभर हसले आणि फोटो काढून चाचांना पाठवला. एकीकडं एकही तोंड नको म्हणजे श्रीमंत, दुसरीकडं सगळी तोंडं हवीत म्हणजे श्रीमंत, आणि दोन्हीकडं माणूस माझाच. मला दोन्ही आवडलं.

तुम्ही गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता ना, आता घर म्हणजे काय वाटतं? पूर्वी मला वाटायचं, जिथं माझी वाट बघतात ते घर. आता वाटतं, वाट तर पाहुण्यांचीही बघतात. मी गल्लीतून चालत निघाले तेव्हा छाती धडधडत होती, शाळेच्या निकालाला धडधडायची तशी.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मी चपला तिथंच काढल्या आणि उंबरा ओलांडला. आप्पा सोप्यात खाटेवर बसून पेपर वाचत होते. प्लॅस्टिकची खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर वाळलेल्या शेंगांचं पोतं.

"आलो आप्पा," मी म्हटलं.

त्यांचे दोन्ही हात खाटेच्या कडेवर गेले. मी बघितलं. बोटं आवळली. आणि मग सावकाश ढिली पडली. पेपराचं पान उलटलं.

"वैशे," आप्पा डोकं वर न काढता म्हणाले, "चपला आत घे. कुत्रं पळवतंय."